प्रलंबित

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
या वेळी कागद नाही, खोडरबर नाही,
सगळं बोटावर.
फोन मात्र ज्याचा त्याचा.
माझा हप्त्यावरचा, मागच्या काचेला तडा गेलेला.
अ‍ॅप बसेना, म्हणून
मुलीच्या गॅदरिंगचे एकशे नव्वद फोटो पुसले.
देशाला जागा करून दिली, असं तिला म्हटलं.
ती हसली नाही.

ट्रॉम्बे कोळीवाडा. गट एकशे बारा.
हिराजी वैतींच्या ओटीवर उभी राहिले
आणि नकाशात पाहिलं
तर मी खाडीत.
बंद करून पुन्हा चालू केला.
आता आणखी थोडी आत.
*आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात.*
म्हातारा जवळा निवडत होता, हात झटकून वाकला,
बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिला.
"बरोबर दाखवतंय गो बाय.
भरणी नव्हती तवा इथं खारीच व्हती,
बापूस माझा इथंच होरी बांधाचा."
मग फोनकडे बोट करून,
"जुना मानूस हाय ह्यो."

आडनाव टाकायला घेतलं.
कीबोर्डला वैती माहीत नाही,
तो दर वेळी वैताग सुचवतो.
सहा माणसांचं कुटुंब, सहा वेळा वैताग.
त्यांची सून दारामागे तोंडावर पदर धरून हसत होती.

पुढच्या खोलीत शमशाद आणि लीलाबाई.
कोळंबी सोलायच्या एकाच शेडमधल्या,
एकीचा नवरा समुद्राने नेला, दुसरीचा सौदीने.
कुटुंबप्रमुख कोण?
दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.
बरं, प्रमुखाशी नातं?
यादी खाली सरकवत गेले. पत्नी, सून, सासू, भाची,
नोकर.
लीलाबाई म्हणाली, लिहा ना, भाडं अर्धं अर्धं.
तेवढी जागा नव्हती.
मी 'इतर' दाबलं, आणि शमशादने विचारलं,
इतर म्हणजे चांगलं का वाईट?

संध्याकाळी गजभिये साहेबांचा फोन.
मॅडम, डॅशबोर्डवर
तुमच्या गटाची लोकसंख्या शून्य दिसतेय.
मी गल्लीतच उभी होते.
शून्यात कोणीतरी बोंबील तळत होतं,
शून्यात दोन पोरं एका सायकलवरून भांडत होती,
एका शून्याने मला
बाजूला व्हा म्हणून डोक्यावरची पाटी वाचवली.
सदतीस घरं माझ्या फोनमध्ये अडकलेली,
वर लिहिलेलं, प्रलंबित,
आणि बॅटरी नऊ टक्के.

जेट्टीच्या टोकाला रेंज येते, पोरांनी सांगितलं.
चार संध्याकाळी तिथे उभी राहिले हात वर करून.
पहिल्या दिवशी अकरा घरं गेली,
दुसऱ्या दिवशी सर्व्हर झोपलेला,
तिसऱ्या दिवशी गेलेल्या अकरांतली दोन परत आली.
जाळी विणणारा माणूस दरवेळी विचारायचा,
लागलं का काही?

शेवटी एकच घर उरलं. वैतींचं.
*सदर ठिकाणी वस्ती असू शकत नाही.*
साहेब म्हणाले, डिलीट करा,
जिथे फोन जमीन मान्य करतो तिथून भरा.
फोनने जमीन मान्य केली
थेट मेन रोडला, रेशन दुकानासमोर.

आले बिचारे, सहाच्या सहा.
म्हाताऱ्याने नवा रुमाल नेसलेला,
सुनेच्या केसांत अबोली,
धाकट्याला झोपेतून उचलून आणलेलं.
फुटपाथवर ओळीने उभे राहिले,
फोटो नाही काढायचा, असं सांगूनही सरळ उभे.
तीन ओटीपी आले, दोन मेले, एक लागला.
हिरवी खूण.
*कार्यक्षेत्रात आपले स्वागत आहे.*

हिराजीकाकांनी रेशन दुकानाकडे पाहिलं,
त्याच्या अर्ध्या शटरकडे, वजनकाट्याकडे.
"मंग आता आमी इथंच रव्हाचं का?"

नाही हो काका, जा घरी, म्हटलं.
आणि ते निघाले,
पोर खांद्यावर घेऊन,
माझ्या हातातल्या नकाशाप्रमाणे
पाण्यावरून चालत.